हजेरीपटावरून नाव जाण्याआधी

विद्यार्थी शाळा सोडतो तेव्हा त्याची नोंद एका विशिष्ट तारखेला होते, आणि त्यामुळे गळती ही त्या तारखेला घडलेली घटना आहे असा समज रूढ झाला आहे. मग कारणेही त्या तारखेच्या आसपासच शोधली जातात: घरची ओढाताण, नापास झाल्याचा धक्का, वाईट संगत. ही कारणे खोटी नाहीत. ज्या मुलाला मजुरीला जाणे भाग आहे त्याचे पोट शिक्षकाच्या आपुलकीने भरत नाही. परंतु शिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील सहावीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेऊन २००७ मध्ये दाखवून दिले, की ८० टक्क्यांहून कमी हजेरी, गणितात नापास, इंग्रजीत नापास आणि वर्तनाबद्दलचे प्रतिकूल शेरे या चार खुणांवरून, पुढे मुदतीत शाळा पूर्ण न करणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के मुले सहावीतच ओळखता येतात. म्हणजे नाव कमी होण्याच्या कितीतरी आधी मूल मनाने शाळेतून निघू लागलेले असते.

ब्रिजेट हॅम्री आणि रॉबर्ट पियांटा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७९ मुलांना बालवर्गापासून आठवीपर्यंत अभ्यासले होते. बालवर्गातील शिक्षकाशी असलेले खटक्यांचे नाते आठवीपर्यंतच्या प्रगतीशी निगडित आढळले, आणि मुलाची बौद्धिक क्षमता व वर्तन हिशेबात धरल्यावरही तो संबंध टिकला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण इतक्या लहानपणच्या नात्याचा माग इतक्या दूरवर का लागावा?

तपासून परत आलेली निबंधाची एक वही डोळ्यांसमोर आणू. समासात लाल शाईचे सात-आठ शेरे, दोन वाक्यांखाली रेघा आणि शेवटी ‘पुन्हा लिहा’. या शाईचे दोन अर्थ निघतात: बाईंनी मनापासून वाचले म्हणून एवढे सुचवले, किंवा बाई मला ढ समजतात. अशा संदिग्ध पुराव्याने मत किती बदलावे हे सांगणारा इंग्रज गणिती थॉमस बेझ यांचा अठराव्या शतकातील नियम मला इतका प्रिय आहे, की त्यासाठी वाचकाला थोडी आकडेमोड सोसावी लागेल.

समजा, एका मुलीच्या मते ‘बाई मला ढ समजतात’ याची शक्यता २० टक्के आहे, म्हणजे १ विरुद्ध ४. एका मुलाच्या मते ती ८० टक्के आहे, म्हणजे ४ विरुद्ध १. आपल्याला ढ समजणारे शिक्षक एवढे शेरे मारण्याची शक्यता, तसे न समजणाऱ्या शिक्षकांच्या मानाने, दुप्पट असते, असे दोघेही धरून चालतात. नियमाप्रमाणे दोघांच्याही गुणोत्तराला २ ने गुणायचे. मुलगी १ विरुद्ध २ वर, म्हणजे ३३ टक्क्यांवर येते. मुलगा ८ विरुद्ध १ वर, म्हणजे ८९ टक्क्यांवर पोचतो. आणखी दोन वह्या अशाच परत आल्या तर गणिताप्रमाणे मुलगीही ६७ टक्क्यांवर जायला हवी. प्रत्यक्षात ती जात नाही, कारण दोन वह्यांच्या मधल्या दिवसांत तिला इतर संकेत मिळत राहतात: नावाने मारलेली हाक, चुकलेल्या उत्तरावर ‘जवळ आलीस, अजून विचार कर’ असे शब्द. असा प्रत्येक संकेत त्या गुणोत्तराला भागतो. शिक्षकाशी असलेले नाते म्हणजे, या गणितापुरते, हे मधले भागाकार होत. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला फक्त गुणाकार येतात.

पुढे हे चक्र स्वतःच फिरू लागते. मुलगा हात वर करणे सोडतो, वही द्यायचे टाळतो. शिक्षकही याला रस नाही असा निष्कर्ष काढून त्याला कमी विचारू लागतात. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातील ध्वनिमुद्रणे मोजली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी त्याहूनही कमी थांबतात, असे दिसले. ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढवताच उत्तरे लांबली आणि निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले.

चक्र कोठे तोडता येते, याचा एक सुरेख प्रयोग डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखेच शेरे लिहिले, आणि सोबत काहींना अशा आशयाची चिठ्ठी मिळाली, की माझ्या अपेक्षा फार मोठ्या आहेत आणि तू त्या गाठशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे देत आहे. इतरांच्या चिठ्ठीत केवळ अभिप्राय देत असल्याचा उल्लेख होता. निबंध सुधारून पुन्हा देणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या वर गेले. नमुना लहान होता, त्यामुळे नेमक्या आकड्यावर फार भार टाकू नये. पण दिशा बेझच्या गणिताशी जुळते. तुच्छ लेखणारा शिक्षक अशी चिठ्ठी सहसा लिहिणार नाही, म्हणून ती एकच मोठा भागाकार करते. चिठ्ठीत स्तुती नव्हती आणि शेरे सौम्यही केलेले नव्हते, ही गोष्ट आपुलकी म्हणजे लाड असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि बुद्धी सांगणाऱ्या चाचण्या पैसे घेऊन विकल्या जातात, त्यांना कसलाही वैज्ञानिक आधार नाही, आणि त्यांचा ‘अभ्यास याच्या नशिबातच नाही’ असा निकाल मुलाच्या मनातील त्याच पारड्यात वजन टाकतो. गळतीचे भाकीत करणाऱ्या संगणकप्रणाली निदान हजेरीसारखी खरी माहिती वापरतात. तरी धोक्याच्या यादीत आलेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी कोण बोलणार, हे त्या यादीत नसते.

हाच प्रश्न मिनेसोटा विद्यापीठात १९९०च्या सुमारास सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ या उपक्रमाने आधी हाती घेतला. त्यात प्रत्येक मुलासाठी एक मार्गदर्शक नेमला जातो. तो हजेरी, गुण आणि वर्तनाच्या नोंदी सतत पाहतो, मुलाला ठरावीक काळाने भेटतो आणि त्याच्या घरच्यांशी संपर्क ठेवतो. पुढे झालेल्या काही काटेकोर चाचण्यांत या उपक्रमातील मुले शाळेत टिकून राहण्याचे प्रमाण अधिक आढळले. मार्गदर्शकाने निदान दोन वर्षे त्या मुलासोबत राहायचे असते, आणि मुलाने शाळा बदलली तरी शक्य तेथे त्याच्या मागे जायचे असते. वरच्या उदाहरणातील मुलाला ८ विरुद्ध १ वरून खाली यायला किती भागाकार लागतील हे मोजून पाहिले, तर दोन वर्षांची ही अट अवाजवी वाटत नाही.