टेस्टर पेटला म्हणजे पॉइंट बरोबर?

उन्हाळा लागला की इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत खिडक्यांना कूलर लागतात, आणि कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्याही येऊ लागतात. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी. तरीही नवा पॉइंट बसवल्यावर आपण तपासतो काय? उजव्या भोकात टेस्टर घालायचा, निऑन पेटला की झालं.

त्यातून फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आहे एवढं कळतं. वरच्या मोठ्या भोकात टेस्टर पेटला नाही, तर तिथे खरी अर्थ (जमिनीत गेलेली तार) असेल, न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) असेल किंवा मागे तारच नसेल. टेस्टरला यातला फरक सांगता येत नाही.

जुन्या घरांत बऱ्याचदा दोनच तारा ओढलेल्या असतात. मग सॉकेटच्या मागे तारेचा एक तुकडा घालून अर्थचा स्क्रू न्यूट्रललाच जोडून देतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. पण न्यूट्रलवरच्या किटकॅटची, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजची, तार उडाली, की फेज मोटरमधून फिरून त्याच तुकड्यावाटे पत्र्यावर येते, २३० व्होल्टने. कूलर बंद पडलेला असतो, म्हणून माणूस हमखास हात लावून बघतो.

हा तुकडा पकडायची एक फार सुंदर युक्ती आहे. त्यासाठी घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, हवा. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेला तेवढाच प्रवाह परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. थोडा जरी दुसऱ्या वाटेने गेला, तर कड्यात क्षेत्र उरतं, त्यावरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि स्विच पडतो. आता फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १५ वॅटचा साधा तारेचा बल्ब लावा. त्यातून सुमारे ६५ मिलिअँपियर जातात. अर्थ खरी असेल तर आरसीसीबी तत्क्षणी पडतो. बल्ब शांतपणे पेटत राहिला, तर प्रवाह न्यूट्रलनेच परततोय, म्हणजे मागे तुकडा आहे. काहीच झालं नाही, तर अर्थ तुटलेली आहे. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

माळव्याची काळी माती उन्हात सुकते, भेगाळते आणि अर्थची तार जिथे पुरतात त्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. तो २३ ओहम झाला, तर फेज पत्र्याला टेकूनही जेमतेम १० अँपियर वाहतील. १६ अँपियरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही. आरसीसीबी मात्र पडेल. खड्डा कुठल्या दिशेला हवा म्हणून वास्तुतज्ज्ञांना विचारणारे आहेत. दिशेने काहीही फरक पडत नाही. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा जरूर दाबा. मात्र त्याने फक्त आरसीसीबी तपासला जातो. बटणाचा प्रवाह आतल्या आतच फिरतो, सॉकेटच्या अर्थपर्यंत जातच नाही.