फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज

फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही खासगी उद्योग आणि बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्था यांची बाजू नागरिकांपुढे मांडण्यासाठी १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बिनसरकारी, पक्षनिरपेक्ष संस्था आहे. अर्थतज्ज्ञ व उद्योगसंचालक अर्देशीर दाराबशा श्रॉफ (१८९९–१९६५) हे तिचे संस्थापक. विधिज्ञ नानी पालखीवाला (१९२०–२००२) यांनी १९६८ पासून तीन दशकांहून अधिक काळ तिचे अध्यक्षपद भूषवले. आज अशा संस्थांना सर्रास ‘थिंक टँक’ म्हटले जाते. फोरम निघाला तेव्हा मात्र तो शब्द भारतात कोणाच्या तोंडी नव्हता, आणि फोरमचा मुख्य उद्योगही संशोधनाचा नव्हता. लंडनमध्ये वर्षभर आधी, १९५५ साली, याच मताची इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स सुरू झाली होती. तिचे लक्ष विद्वान, प्राध्यापक आणि पत्रकार यांच्यावर होते, तर फोरमने पहिल्यापासून जाहीर सभा आणि खिशात मावणारी पुस्तिका या दोन साधनांवर भिस्त ठेवली.

स्थापनेचे साल योगायोगाचे नाही. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसच्या आवडी अधिवेशनाने ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हे उद्दिष्ट स्वीकारले. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम काढून आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, आणि २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. एप्रिलमधील औद्योगिक धोरणाच्या ठरावाने सतरा उद्योग सरकारच्या अखत्यारीत राखून ठेवले, आणखी बारा उद्योगांत सरकार क्रमाक्रमाने पुढाकार घेईल असे जाहीर केले. अवजड उद्योगांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजनाही याच वर्षी लागू झाली. विमा हा मुंबईच्या फोर्ट भागातला मोठा धंदा होता, त्यामुळे राष्ट्रीयीकरण ही दिल्लीच्या कागदपत्रांतली दूरची गोष्ट न राहता शेजारच्या कचेरीची पाटी बदलण्याइतकी जवळ आली. फोरमचा जाहीरनामा जुलै १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

श्रॉफ हे सरकारी नियोजनाचे जन्मजात विरोधक नव्हते, ही गोष्ट संस्थेच्या गौरवलेखनात बहुधा ओझरती येते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले, टाटा समूहात वाढलेले आणि युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात बिनसरकारी प्रतिनिधी म्हणून बसलेले श्रॉफ त्याच वर्षीच्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या आठ सह्या करणाऱ्यांपैकी एक होते. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, कस्तुरभाई लालभाई अशा उद्योगपतींनी मांडलेल्या त्या आराखड्यात स्वतंत्र भारताच्या सरकारने मूलभूत उद्योगांत भांडवल घालावे, नियंत्रणे ठेवावीत आणि परदेशी स्पर्धेपासून देशी कारखानदारीला संरक्षण द्यावे, असे सुचवले होते. बारा वर्षांत त्याच वर्तुळातला माणूस नियंत्रणांविरुद्ध उभा राहिला. याचा अर्थ मतपरिवर्तन एवढाच लावणे अपुरे ठरेल. सरकारने मार्गदर्शन करावे आणि उद्योगांनी वाढावे अशी १९४४ मधील अपेक्षा होती, तर प्रत्यक्षात कारखान्याची क्षमता वाढवायलाही परवाना लागू लागला. खासगी क्षेत्राला भांडवल कसे मिळेल याचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचे श्रॉफ हेच अध्यक्ष होते, म्हणजे सरकारी यंत्रणेशी त्यांचे सहकार्य १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातही चालूच होते.

फोरमची पुस्तिका हा भारतीय वैचारिक प्रकाशनाचा एक खास नमुना म्हणावा लागेल. लहान आकार, मोजकी पाने, एक भाषण किंवा एक लेख, नाममात्र किंमत, आणि यातील मते फोरमचीच असतील असे नाही अशी छापील सूचना. जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष युजीन ब्लॅक यांचे एक वाक्य वर्षानुवर्षे या पुस्तिकांवर छापले जात असे : खासगी उद्योग ही नाइलाजाने सोसायची गोष्ट नसून ती निश्चितपणे हितकर आहे, हे लोकांनी मान्य केले पाहिजे, असा त्याचा आशय. त्याच्या जोडीला, मुक्त उद्योग माणसाबरोबर जन्मला आणि माणूस आहे तोवर टिकेल, हे श्रॉफ यांचे वचन असे. कररचना, परकीय चलन, चलनवाढ, सार्वजनिक क्षेत्राचा ताळेबंद, न्यायव्यवस्था, भाववाढ असे विषय या पुस्तिकांत आले. सभासदांना त्या टपालाने जात, आणि विद्यार्थ्यांसाठी सभासदत्वाची वेगळी सोय होती. महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धा आणि व्याख्यानमाला यांचीही त्यात भर पडली. श्रॉफ यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या न्यासाने या स्पर्धा पुढे चालवल्या. डॉ. दादाभाई नवरोजी मार्गावरच्या कचेरीतून हा सगळा कारभार दीर्घकाळ एम. आर. पै (१९३१–२००३) यांनी सांभाळला. ग्राहकांच्या, विशेषतः बँकांतील ठेवीदारांच्या हक्कांसाठी लढणारे म्हणूनही पै मुंबईत परिचित होते. उद्योगाची बाजू मांडणाऱ्या संस्थेचा चिटणीस ग्राहकाच्या बाजूनेही बोलतो, ही बाब फोरमच्या विश्वासार्हतेला उपकारक ठरली. उद्योगव्यापारासाठी आचारसंहिता हवी हाही संस्थेचा सुरुवातीपासूनचा आग्रह होता.

अर्थशास्त्रीय बैठक देणाऱ्यांत बी. आर. शेणॉय यांचे नाव ठळक आहे. दुसऱ्या योजनेच्या आराखड्याचा विचार करणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात १९५५ साली भिन्नमतपत्रिका जोडणारे ते एकटेच. तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे नवा पैसा निर्माण करून भागवलेल्या खर्चावर, एवढी मोठी योजना पेलणार नाही, चलनवाढ आणि परकीय चलनाची टंचाई ओढवेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५७ पासून परकीय गंगाजळी झपाट्याने आटली आणि योजनेला कात्री लावावी लागली, तेव्हा त्या पत्रिकेची आठवण अनेकांना झाली. फोरमच्या व्यासपीठावरून आणि पुस्तिकांतून शेणॉय यांचे विचार मुंबईच्या वाचकांपर्यंत पोहोचले. विद्यापीठीय अर्थशास्त्रात ते तरीही एकाकीच राहिले.

फोरमचे सर्वांत लोकप्रिय कार्य म्हणजे पालखीवाला यांचे अर्थसंकल्पावरील वार्षिक भाषण. त्याची सुरुवात ज्या अर्थसंकल्पापासून झाली, त्याची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतील कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतल्याचे प्रकरण खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत उघड केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने जाहीर चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला. आदल्या वर्षी संपत्तिकर आणि खर्चकर आले होते, या वेळी त्यांत देणगीकराची भर पडली. प्राप्तिकर कायद्यावरील ग्रंथामुळे तरुणपणीच नाव झालेल्या पालखीवालांनी या वित्तविधेयकावर ग्रीन्स हॉटेलातील एका लहान सभागृहात भाषण केले. अपोलो बंदरावर ताजच्या शेजारी उभे असलेले हे हॉटेल पुढे पाडले गेले आणि त्या जागी ताजचा नवा मनोरा आला. भाषण मात्र सभागृहामागून सभागृह अपुरे पाडत ब्रेबोर्न स्टेडियमवर पोहोचले.

त्या काळी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीस सायंकाळी पाच वाजता सादर होत असे. वर्तमानपत्रांतून करांचे तक्ते छापून येत, आणि काही दिवसांतच पालखीवालांची सभा होई. हाती कागद न घेता, आकडे आणि कलमे तोंडपाठ सांगत, ते तासभर बोलत. क्रिकेटच्या मैदानावर करांच्या दरांविषयी इंग्रजीत चाललेले व्याख्यान ऐकायला हजारो माणसे येतात, याचे बाहेरगावच्या लोकांना नवल वाटे. श्रोत्यांत कंपन्यांचे संचालक असत तसेच पगारदार कारकून, सनदी लेखापाल, छोटे भागधारक आणि कायद्याचे विद्यार्थीही असत. हीच मांडणी ते दिल्ली, कोलकाता, बंगळूर अशा इतर शहरांतही करत. दर वर्षी बदलणारी, कोर्टकज्जे वाढवणारी करव्यवस्था आणि अवास्तव दर हे त्यांचे कायमचे मुद्दे होते. १९७३–७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च सीमांत दर, म्हणजे उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावरचा दर, अधिभारासह ९७.७५ टक्के होता, त्यावर संपत्तिकर वेगळा. इतक्या दराने महसूल वाढत नाही, फक्त काळा पैसा वाढतो, हे समजून घ्यायला श्रोत्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. ही भाषणे १९९४ पर्यंत चालली. याच काळात बँक राष्ट्रीयीकरण खटला (१९७०) आणि संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीचा केशवानंद भारती खटला (१९७३) पालखीवालांनी सर्वोच्च न्यायालयात लढवले, त्यामुळे आर्थिक स्वातंत्र्य आणि राज्यघटनेने दिलेले मूलभूत हक्क हे विषय फोरमच्या व्यासपीठावर एकमेकांत मिसळून गेले.

फोरमने निवडणुकीच्या राजकारणापासून अंतर ठेवले, पण त्याच्या आसपासच्या माणसांनी तसे केलेच असे नाही. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाची ऑगस्टमधील परिषद मुंबईतच भरली. मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी हे पक्षाचे प्रमुख संघटक, आणि बँक खटल्यातील अर्जदार रुस्तम कूपर हेही त्याच पक्षाचे. १९६७ मध्ये ४४ खासदार निवडून आणणारा हा पक्ष १९७४ मध्ये विसर्जित झाला, तर फोरम टिकून राहिला. पक्षाचे जोखड नसणे हेच त्यामागचे मुख्य कारण दिसते. मुंबईत या मताचे आणखीही झरे होते. मसानींनी स्थापन केलेले ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिक १९५२ पासून निघत होते. रणछोडदास लोटवाला यांनीही ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक चालवले. याच लोटवालांनी १९२० च्या दशकात पुढे कम्युनिस्ट नेते म्हणून गाजलेले श्रीपाद अमृत डांगे यांना मार्क्सवादी साहित्याच्या प्रसारासाठी पाठबळ दिले होते, हा मुंबईच्या वैचारिक इतिहासातील एक गमतीचा धागा आहे.

संस्थेवरील मुख्य आक्षेप असा की ती मोठ्या भांडवलदारांची प्रचारक आहे. तिचा आधार उद्योगवर्तुळातला होता हे खरे. मात्र सगळा उद्योगवर्ग तिच्या मागे होता, असे समजणे चूक ठरेल. बिर्लांसारख्या मोठ्या घराण्याने काँग्रेसशी जुळवून घेण्याचाच मार्ग पत्करला. परवाना हाती आल्यावर स्पर्धक आपोआप अडत असल्याने, परवाना पद्धती अनेक कारखानदारांना मनोमन सोयीची होती. फोरमने सरकारी नियंत्रणांवर जेवढी कडक टीका केली, तेवढी आयातबंदीच्या आडोशाने महाग आणि सुमार माल विकणाऱ्या देशी कारखानदारांवर केली नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात फोरमचा प्रभाव नगण्य राहिला. व्याख्याने आणि पुस्तिका प्रामुख्याने इंग्रजीत असणे हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकारी चळवळीतले वैकुंठलाल मेहता यांच्या पाठबळाने प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून येथे सहकाराची वाट रूढ झाली होती, आणि सरकार की खासगी मालक या वादात गावाने तिसराच पर्याय निवडलेला होता. मराठीत मुक्त बाजाराची भाषा रुजवली ती १९७९ नंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने, चाकणच्या कांदा आंदोलनापासून. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेमागे निर्यातबंदी, लेव्ही (ठरावीक भावाने सरकारला सक्तीने द्यावा लागणारा माल) आणि कापूस फक्त सरकारलाच विकायला लावणारी एकाधिकार खरेदी योजना यांच्यावरचा रोख होता. परराज्यात जास्त भाव असूनही आपला कापूस सीमेपलीकडे नेता येत नाही, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पुस्तिका न वाचताही ठाऊक होते. फोर्टमधली चळवळ करदात्याची आणि चाकणची उत्पादकाची. दोन्हींचा मूळ युक्तिवाद एकच असूनही त्या फार उशिरा एकमेकींच्या जवळ आल्या. जोशींनी १९९४ मध्ये काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र भारत पक्ष असे ठेवले, त्यात जुन्या स्वतंत्र पक्षाचा वारसा सांगण्याचा हेतू उघड आहे.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता परवाना रद्द केला, आणि फोरमच्या अनेक जुन्या मागण्या सरकारी धोरणातच उतरल्या. त्यानंतर पुस्तिकांचे विषय वित्तीय तूट, कंपन्यांचा कारभार, पायाभूत सुविधा, न्यायालयीन सुधारणा यांकडे वळले. पालखीवालांनंतर मिनू श्रॉफ अध्यक्ष झाले, संपादनाची जबाबदारी अर्थतज्ज्ञ सुनील भंडारे यांच्याकडे आली. धोरणविषयक चर्चेचे केंद्र याच सुमारास मुंबईकडून दिल्लीकडे सरकले. तेथे १९९७ मध्ये पार्थ शहा यांनी स्थापन केलेल्या सेंटर फॉर सिव्हिल सोसायटीने फेरीवाल्यांचे परवाने आणि शालेय शिक्षणातील निवड असे, फोरमने क्वचितच हाताळलेले प्रश्न पुढे आणले. फोरमच्या कित्येक जुन्या पुस्तिका आता त्याच संस्थेच्या ‘इंडियन लिबरल्स’ या अंकीय संग्रहात वाचायला मिळतात.