संडासाच्या खड्ड्यातला चहाचा कप

न्यूयॉर्कमध्ये फोली स्क्वेअरजवळ १९९१ साली नव्या न्यायालयाच्या इमारतीसाठी खोदाई सुरू झाली आणि पुरातत्त्वज्ञांना जुन्या संडासांचे खड्डे सापडले. नाक मुरडू नका. घरात फुटलं-तुटलं ते खड्ड्यात जायचं, आणि खड्डा बुजवला की आतलं सगळं तसंच राहायचं. इथून सुमारे साडेआठ लाख वस्तू निघाल्या.

ही जागा म्हणजे फाइव्ह पॉइंट्स, एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेतली सगळ्यात बदनाम वस्ती. तळं बुजवून केलेली जमीन, त्यामुळे घरं खचायची. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, उपासमार झाली आणि तिथून निघालेले हजारो लोक इथे येऊन राहिले. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्ससारखे पाहुणे (तो तर त्याआधीच, १८४२ मध्ये) पोलिसांना सोबत घेऊन वस्ती बघून गेले. त्यांना घाण आणि दारू दिसली. बायकांचे कष्ट मात्र कुणाच्या नजरेत भरले नाहीत.

सरकारचीही तीच तऱ्हा. १८५० च्या राष्ट्रीय जनगणनेत व्यवसायाचा प्रश्न फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता! घरी शर्ट शिवणारी, भाडेकरू ठेवून त्यांचं जेवण रांधणारी, धुणी धुणारी बाई कागदावर काहीच करत नव्हती. खड्ड्यांतून मात्र सुया, टाचण्या, बटणं, कापडाच्या चिंध्या निघाल्या. डुकराची हाडं निघाली, म्हणजे मांस ताटात होतं. चहाची भांडीही निघाली, गरिबाघरी कुणी कल्पना करणार नाही अशी नक्षीदार.

दुसरा पुरावा बँकेतला. आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० मध्ये न्यूयॉर्कला एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक निघाली. बऱ्याच खातेदारांना सही येत नव्हती. मग ओळख पटवायची कशी? कारकून प्रत्येकाचं गाव, जहाज, आई-बापांची नावं, भावंडं असं सगळं वहीत उतरवून घ्यायचा. बँकेने खबरदारी म्हणून लिहिलेल्या या वह्या आज इतिहासकारांना सोन्यासारख्या वाटतात. त्यांत मोलकरणीही आहेत, स्वतःच्या नावाने पैसे साठवणाऱ्या.

मोलकरणीला बचत जमायची कशी, याचं गणित साधं आहे. मालकाच्या घरात राहणं-खाणं फुकट, त्यामुळे पगार तुटपुंजा असला तरी हातात उरायचा आणि त्यातला बराचसा आयर्लंडला आईकडे किंवा धाकट्या बहिणीच्या जहाजाच्या तिकिटाला जायचा. शिवणकाम करणारीला मजुरी नगावर मिळायची, त्यातून खोलीचं भाडं, आणि दोरा-मेणबत्तीही बहुतेकदा पदरचीच. पण मोलकरणीच्या सुखाला दुसरी बाजू होती: पहाटेपासून रात्रीपर्यंत हाक आली की उठायचं, आणि खरं नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी ती ‘ब्रिजेट’च, म्हणजे आयरिश बायकांचं सर्रास आढळणारं नाव. लग्न झालं की बहुतेकींची ही नोकरी सुटायची. नवरा बांधकामावर पडून मेला तर ती पुन्हा सुईकडे वळायची, या वेळी पदरात पोरं घेऊन.

खोदाईतल्या वस्तू वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ६ क्रमांकाच्या इमारतीत तळघरात ठेवल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ ला त्या गेल्या. अठरा वस्तू प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. त्यांत एक चहाचा कप आहे. दारू सोडण्याचा प्रचार करणारे आयरिश पाद्री फादर मॅथ्यू लोकांना दारू न पिण्याची शपथ देताहेत, असं चित्र त्याच्यावर छापलेलं आहे.