मैवंदचा सिंह : रेडिंगच्या बागेतलं युद्धस्मारक

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग शहराच्या ऐन मध्यात फोर्बरी गार्डन्स ही बाग आहे. तिथल्या उंच चौथऱ्यावर ओतीव बिडाचा एक सिंह जबडा वासून चाललेला दिसतो. लांबी ३१ फूट, वजन १६ टन. खाली ३२९ नावं आहेत.

शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स रेडिंगचाच. सिंहाची चाल चुकली म्हणून त्यानं जीव दिला, अशी दंतकथा गावात आजही सांगतात. ती साफ खोटी आहे. १८८६ मध्ये स्मारकाचं अनावरण झालं आणि सायमंड्स वारला १९२९ मध्ये. मधल्या काळात पहिल्या महायुद्धानं त्याचा मुलगा नेला. त्यानंतर ब्रॅडफिल्ड गावाचं युद्धस्मारक या म्हाताऱ्या बापानंच घडवलं.

सिंहाखालची नावं ६६ व्या बर्कशायर पलटणीची, दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात पडलेल्यांची. त्यातले बहुतेक २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंदच्या मैदानात गेले. ब्रिटिश सेनापती ब्रिगेडियर जनरल बरोज यांच्याकडे सुमारे २,५०० माणसं होती; समोर अफगाण सरदार अयूब खानाची कितीतरी मोठी फौज आणि वरचढ तोफखाना. भर उन्हात, पाण्यावाचून, तासन्‌तास तोफांचा मारा झेलून फळी फुटली. माघार घेताना खिग गावाच्या एका बागेत या पलटणीचे अखेरचे ११ जण उरले. ते बाहेर पडले आणि लढता लढता मेले. त्यांच्यासोबतचा बॉबी नावाचा कुत्रा पाठीवर जखम घेऊन वाचला. पुढे राणी व्हिक्टोरियानं त्याच्या गळ्यात पदक घातलं. पेंढा भरलेला बॉबी आजही सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे.

त्या दिवशी ब्रिटिशांच्या बाजूचे ९०० हून जास्त जण मेले, आणि त्यांत हिंदी शिपायांची संख्या ६६ व्या पलटणीपेक्षा जास्त होती. फौजच मुख्यतः मुंबई इलाख्याची : बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, बॉम्बे लाइट कॅव्हलरी (घोडदळ), बॉम्बे सॅपर्स (खंदक-सुरुंगाचं काम करणारे). फळी मोडल्याचा ठपका इंग्रजी वर्णनांत बहुधा जेकब्ज रायफल्सवर येतो. पण त्यांच्यातले कितीतरी जण नवखे होते, आणि तेही त्याच उन्हात, त्याच तोफांपुढे उभे होते. बर्कशायरनं आपल्या माणसांसाठी स्मारक उभारलं, ते रास्तच. कुत्र्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. या शिपायांची नावं मात्र या चौथऱ्यावर नाहीत.