खिळा लाकडात टिकतो कशामुळे?

टिंबर मार्केटमधनं फळ्या आणल्या, हार्डवेअरच्या दुकानातनं पाव किलो खिळे आणले की नवीन माणूस थेट ठोकायलाच बसतो, आणि दोन-तीन खिळ्यांत फळी टोकापासून उभी चिरते. मग शिव्या लाकडाला.

लाकूड म्हणजे एका दिशेनं गेलेले लांबलचक तंतू. उसाच्या मोळीत काठी घुसवली तर ऊस बाजूला सरकतात आणि तेच काठीला दाबून धरतात, खिळ्याचंही तसंच आहे. खिळा स्वतः काहीच पकडत नाही, वाकलेले तंतू त्याला आवळतात आणि घर्षणावर सगळं चालतं. फळीच्या कडेला सरकलेल्या तंतूंना बाजूनं आधार नसतो, म्हणून तिथंच चीर जाते. यावर जुन्या सुतारांची युक्ती भारी आहे. खिळा उलटा धरायचा, डोकं लोखंडावर टेकवायचं आणि टोकावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा. अणकुचीदार टोक पाचरीसारखं तंतू फाकवतं, बोथट टोक ते तोडत-चेपत आत जातं, म्हणून फळी उकलत नाही. पकड थोडी कमी होते खरी, पण फाटलेल्या फळीत पकड कसली!

फळीच्या कापलेल्या टोकातून, म्हणजे तंतूंच्या दिशेनंच खिळा मारला तर आवळायला आडवे तंतूच नसतात, मऊ लाकडात पकड निम्म्यावर येऊ शकते. स्टूलाचे पाय असे जोडू नका, बस्स.

स्क्रूचं गणित वेगळं. त्याचे आटे तंतूंत रुतून बसतात, ओढून काढायचा तर मधलं लाकूडच फाडावं लागतं. पण त्यासाठी आधी ड्रिलनं भोक पाडायचं, स्क्रूच्या आतल्या दांड्याएवढं, म्हणजे ४ मिमीच्या स्क्रूला साधारण २.५ मिमी, आणि मऊ लाकडात त्याहून जरा बारीक. वरच्या फळीत मात्र भोक स्क्रू सैल जाईल एवढं मोठं हवं. हे लोक हमखास विसरतात. आटे दोन्ही फळ्यांत रुतले की मधली फट तशीच राहते, कितीही पिळा, कारण वरची फळी खाली सरकायला मोकळीच नसते.

अजून एक, ते स्वस्तातले काळे स्क्रू मुळात जिप्सम बोर्डासाठीचे, कडक पण ठिसूळ. बाभळीत जोर लावला की डोकं तुटून हातात. साधा खिळा मऊ पोलादाचा, तो वाकतो पण सहसा तुटत नाही, म्हणून गोठ्याच्या दाराला, जिथं सारखे हिसके बसतात, तिथं मी खिळाच मारीन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

आणि आपला कोल्हापूरचा पाऊस आहेच. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ८ टक्के पाणी राहतं, ८५ टक्के झाली की १८ च्या आसपास. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाही, आणि लोखंड आहे तेवढंच राहतं, त्यामुळं दरवर्षी तंतूंची पकड ढिली होत जाते आणि खिळ्याची डोकी वर येतात. उघड्यावरच्या कामाला जस्त चढवलेलेच खिळे घ्या. स्क्रू पिळायला जड जात असेल तर आट्यांवर मेणबत्ती घासा, साबण नको, तो ओल धरतो आणि लोखंड गंजतं.