"अजून कॅन्सर नाही ना, मग झालं!"

तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत, मिसळ सोडा, साधी आमटीपण झोंबते, म्हणून माणूस एकदाचा डेंटिस्टकडे जातो आणि डॉक्टर म्हणतात, "ही कॅन्सरच्या आधीची पायरी आहे." एकाला यातलं फक्त 'कॅन्सर' ऐकू येतं, त्याची झोपच उडते. दुसऱ्याला फक्त 'आधीची' ऐकू येतं, अजून झाला नाही ना, मग बघू नंतर, असं म्हणत तो बाहेर पडून टपरीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला सांगतो.

मला विचाराल तर अर्धा घोळ त्या 'पायरी'चा आहे. पायरी म्हटलं की पुढची आलीच, असं वाटतं. या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, सुपारीतल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्यामुळे गालाच्या आत कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांसारखं प्रथिन, साचत जातं आणि गाल चामड्यासारखा कडक होतो. केरळात एर्नाकुलमला अशा पेशंटांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या 7.6 टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना नाही झाला, पण सुपारी न खाणाऱ्याच्या मानाने हा धोका प्रचंडच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या, आणि तेच डोक्यात बसत नाही. (2005 मध्ये लंडनला डब्ल्यूएचओच्या वर्कशॉपमध्ये तज्ज्ञांनीपण 'कॅन्सरपूर्व' हा शब्द सोडून 'कॅन्सर होऊ शकेल असे आजार' म्हणायचं सुचवलं ते यासाठीच.)

त्यात आपण धोका मोजतो दुखण्यावरून. तोंडातला ल्यूकोप्लाकियाचा पांढरा चट्टाही असाच, कॅन्सर होऊ शकेल असा आजार, पण तो बहुतेक वेळा दुखतच नाही, मग कोण कशाला घाबरेल? वर "आमचे आजोबा 80 वर्षांपर्यंत तंबाखू खायचे" हा पुरावा घरोघरी तयार असतोच.

आणि "मी तंबाखू नाही हो खात, नुसती सुपारी" म्हणणारे तर कितीतरी! पूजेच्या ताटातली वस्तू, ती काय करणार? पण तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) 2004 च्या अहवालातच सांगितलंय.

सगळ्यात अवघड पेशंट मात्र वेगळाच, ज्याने खरंच सुपारी सोडली तो. सोडल्याने कॅन्सरचा धोका कमी व्हायला मदत होते, पण एकदा आवळलेलं तोंड सहसा पहिल्यासारखं उघडत नाही. कमी झालेला धोका आरशात दिसत नाही, न उघडणारं तोंड रोज जेवताना जाणवतं, मग सहा महिन्यांनी तो विचारतो, सोडून काय फरक पडला?