बाई घोरत नाही, म्हणून अ‍ॅप्निया नाही?

२०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत स्लीप अ‍ॅप्निया हा शब्द सारखा येत होता, आणि या आजाराचं नाव काढलं की डोळ्यासमोर येतो तो जाड मानेचा, रात्रभर घर हलवणारा आणि दुपारी टीव्हीसमोर पेंगणारा पुरुष. ते चुकीचं नाहीये. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, मेंदू दचकवून उठवतो आणि सकाळी आपल्याला यातलं काहीच आठवत नाही. पुरुषांच्या मानेत चरबी जास्त साठते, म्हणून त्यांच्यात हे जास्त.

बायकांचं जरा वेगळं असतं. बऱ्याचदा श्वास पूर्ण थांबतच नाही, नुसता अर्धवट अडतो, तोही जास्त करून स्वप्नं पडतात त्या झोपेत. घोरणंही तसं दणदणीत नसतं, आणि असलं तरी सांगायला लाज वाटते. डॉक्टरकडे जाऊन ती म्हणते झोप नीट लागत नाही, सकाळी डोकं धरतं, अंगात त्राणच नाही, उगाच रडू येतं. मग हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड बघा, टेन्शन घेऊ नका. नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार बायको करते, बायकोच्या घोरण्याची कोण करणार, हे तर गाढ झोपलेले!

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदार लोकांची झोप रात्रभर तपासली, १९९३ ला निकाल आला. तासाला ५ किंवा जास्त वेळा श्वास अडणारे पुरुष २४ टक्के, बायका ९ टक्के. म्हणजे एका बाईमागे तीनसुद्धा पुरुष नाहीत, पण झोपेच्या दवाखान्यांत तेव्हा एका बाईमागे आठ-दहा पुरुष यायचे. बाकीच्या बायका कुठे गेल्या?

त्यात पाळी गेली की प्रोजेस्टेरॉन घटतं, जे श्वासाला जोर देत असतं, आणि धोका चांगलाच वाढतो. पण त्या वयात रात्री जाग आली, घाम फुटला की सगळं मेनोपॉजच्या खात्यात!

तपासणीतसुद्धा गंमत आहे. समजा ती ७ तास झोपली, त्यातला दीडेक तास स्वप्नांचा, आणि तेवढ्यातच ३० वेळा श्वास अडला, म्हणजे त्या वेळात तासाला २०. पण रिपोर्ट भागतो सगळ्या रात्रीला, ३० भागिले ७, आले चार पॉइंट तीन. पाचच्या आत. नॉर्मल.